पोरक्या वासराला दुसरी गाय लावायची तर

कोल्हापूर हे खरं म्हशीचं गाव. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून फेसाळतं दूध ग्लासात देणारं, दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर मिरवणारं. तरी करवीर, हातकणंगले, शिरोळकडच्या गोठ्यांत डोकावलं तर दावणीला दोन म्हशींच्या शेजारी एखादी जर्सी नाहीतर एच.एफ. (होल्स्टीन फ्रीजियन) गाय उभी दिसतेच. नव्यानं दोन-तीन गाई घेतलेल्यांचा एक प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो: गाय विताना गेली, वासरू जगलंय, आता काय करू? 2022 मध्ये लम्पी या गुरांच्या रोगाची साथ आली तेव्हा तर हे सारखं चाललं होतं.

बाटलीनं पाजता येतं, दुधाची भुकटी मिळते. पण गोठ्यात किंवा गल्लीत दुसरी दुभती गाय असेल तर वासरू तिला लावणं मला केव्हाही बरं वाटतं. वासरू सडाला तोंड लावून मान किंचित वर करून ओढतं तेव्हा घशाखालची पन्हळ मिटते आणि दूध सरळ चौथ्या पोटात जातं. घमेल्यात तोंड घालून घटाघटा प्यायलं तर त्यातलं बरंच पहिल्या पोटात सांडतं आणि आंबतं. शिवाय दिवसातून तीन वेळा बाटल्या उकळत बसायचा वैताग वाचतो. मात्र गाय परकं वासरू सहजासहजी घेत नाही. लाथ मारते, ढुशी देते, पान्हा चोरते. तिला राजी करण्यात साधारण पंधरवडा जातो.

आधी चीक

गाय शोधायला निघण्याआधी वासराच्या पोटात चीक गेला का ते बघा. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी झगडायला काही नसतं. गाईची प्रतिकारद्रव्यं वारेतून (प्लॅसेंटातून) वासराकडं जातच नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून, आणि आतड्यातून रक्तात शिरायची त्यांची वाट जन्मानंतर 24 तासांत बंद होते. सहा तासांनंतरच ती आकसायला लागते. म्हणून 30 किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत दीड ते दोन लिटर आणि बारा तासांच्या आत पुन्हा तेवढाच, हा हिशेब चुकवू नका.

आई गेली असली तरी तिच्या कासेत चीक असतो. मरून फार वेळ झाला नसेल आणि ती रोगानं गेली नसेल, अडून नाहीतर अपघातानं गेली असेल, तर लगेच पिळून घ्या. विचित्र वाटतं, पण मी काढलाय. तो नसेल तर गल्लीत कुणाची गाय आज-काल व्याली आहे का ते विचारा. इथं एक भांडण ठरलेलं: पहिल्या धारेचा चीक म्हणजे खरवस, आणि खरवसाच्या वड्या घरोघर पोचवायच्या असतात. त्या माउलीला सांगा की पहिल्या धारेतला दोन लिटर द्या, खरवस दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा करा. गाईचा नाहीच मिळाला तर म्हशीचा चालतो.

शहाणा गोठेवाला आपली गाय व्याली की जादा चीक लिटरभराच्या बाटल्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवून देतो. नीट गोठलेला राहिला तर वर्षभर टिकतो. वितळवताना बाटली कोमट-गरम पाण्यात बुडवून ठेवा. गॅसवर ठेवू नका. चीक 60 अंशांच्या वर गेला की त्याचा खरवस होतो आणि ज्यासाठी तो पाजायचा ते सगळं मरतं.

बेंबीला टिंक्चर आयोडिन लावा, अंग पोत्यानं खसाखसा पुसून कोरडं करा. बाटलीनं पाजायची वेळ आलीच तर वासरू उभं असू दे आणि त्याचं तोंड पाठीच्या रेषेच्या फार वर नेऊ नका. दूध फुप्फुसात गेलं तर दोन दिवसांत न्यूमोनिया होतो.

कुठली गाय

पहिलारू नको. तिला स्वतःच्याच कासेला हात लावलेला सोसत नसतो. दुसऱ्या ते चौथ्या वेताची, शांत, मागं उभं राहिलं तरी शेपूट न झटकणारी गाय बघा. खिलार देखणी असते, पण दूध बेताचं आणि स्वभाव तापट. तिच्या वाट्याला तिचंच वासरू पुरे. दिवसाला 12 लिटर देणारी संकरित गाय दोन वासरं आरामात पाजते, धष्टपुष्ट असेल तर तीनही. वासराला सुरुवातीला त्याच्या वजनाच्या दहावा हिस्सा दूध रोज लागतं, म्हणजे 30 किलोला तीन लिटर, आणि ते महिनाभरात वाढत जातं.

डेअरीला सगळ्यात कमी दूध घालणारी किंवा धार द्यायला तासभर लावणारी कडक सडाची गाय या कामाला छान. माणसाला जे सड ओढताना घाम फुटतो ते वासरू सहज पितं. पण दगडी (कासेची सूज) झालेली, गाठी असलेल्या सडांची गाय घेऊ नका. चारही सडांची पहिली धार काळ्या कापडावर घ्या; गुठळ्या दिसल्या तर तिथंच थांबा. तिच्यावर प्रतिजैविकाचं औषध चालू असेल तरी थांबा. बाहेरून गाय आणणार असाल तर ब्रुसेलोसिस (गाभ पाडणारा संसर्गजन्य रोग) आणि क्षयाची तपासणी सरकारी दवाखान्यातून करून घ्या.

आणि हिशेब आधी मांडा. तीन महिने रोज चार लिटर म्हणजे 360 लिटर दूध डेअरीला जाणार नाही. तुमच्या संस्थेच्या दरानं गुणा. कालवड असेल तर मी हा खर्च डोळे झाकून करतो. खोंड असेल तर काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं; मी उगीच पाप-पुण्याच्या गोष्टी सांगणार नाही.

गाय ओळखते नाकानं

विताना गर्भाशयाचं तोंड ताणलं जातं, त्यानं गाईच्या मेंदूत ऑक्सिटोसिन सुटतं आणि पुढचे काही तास तिला ओल्या, स्वतःच्या गर्भजलाचा वास असलेल्या जिवाची अनावर ओढ लागते. ती चाटत सुटते. चाटता चाटता त्या वासराचा वास तिच्या डोक्यात बसतो आणि दार बंद होतं. नंतर आलेलं प्रत्येक वासरू परकं. म्हणजे तुमच्यापुढं तीन प्रकारची गाय असू शकते, आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी.

सगळ्यात सोपी ती आज-उद्या विणारी. पाणमोट फुटली की ते बुळबुळीत पाणी स्वच्छ बादलीत धरा. हातमोजे घाला, हे विसरू नका. ब्रुसेलोसिस माणसालाही होतो आणि तो याच पाण्यातून, वारेतून लागतो. पोरकं वासरू कोमट पाण्यानं ओलं करा, पाठीवर, ढुंगणावर, शेपटीच्या मुळाशी ते पाणी चोळा आणि गाईच्या तोंडापुढं दोन्ही वासरं एकदम ठेवा. ती दोघांना जुळं समजून चाटते. फक्त एक सांभाळा: पोरकं वासरू आठवड्याचं असेल तर ते दांडगं असतं, नव्या जिवाचा चीक तेच ओढून संपवतं. आधी तिच्या वासराला पोटभर पाजा, मग दुसऱ्याला सोडा.

दुसरी, जिचं वासरू मेलंय ती. ती हंबरत असते, कास तटतटलेली असते, तिला वासरू हवंच असतं, फक्त ते तिचंच हवं असतं. जुनी पद्धत म्हणजे मेलेल्या वासराचं कातडं पाठ-कुशीपासून सोलून, शेपूट तसंच ठेवून, पोरक्या वासराच्या अंगावर झुलीसारखं बांधणं. गाय पिणाऱ्या वासराला शेपटीखालीच हुंगते, म्हणून शेपूट महत्त्वाची. ही युक्ती चालते. पण वासरू कशानं मेलं हे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरी लावू नका. अचानक मेलं असेल, नाका-गुदातून काळं रक्त आलं असेल तर ती फाशी (अँथ्रॅक्स, माणसालाही लागणारा जीवघेणा रोग) असू शकते, आणि फाशीचं जनावर कापणं म्हणजे घरादाराशी खेळ. शिवाय राधानगरी, गगनबावड्याकडच्या पावसात कातडं दुसऱ्याच दिवशी वास मारतं, माश्या बसतात. तीन दिवसांच्या वर ठेवूच नका.

मला स्वतःला पोत्याची पद्धत आवडते. मेलेल्या वासराच्या अंगावरून, विशेषतः मागच्या बाजूनं, एक स्वच्छ बारदान चांगलं घासून घ्यायचं आणि ते पोरक्याच्या पाठीवर बांधायचं. कातड्याइतकं हमखास नाही, पण सुरी लागत नाही आणि धुऊन टाकता येतं. इथंही डॉक्टरांनी हिरवा कंदील दिल्याशिवाय नाही.

तिसरी आणि सगळ्यात चिवट, जिचं स्वतःचं वासरू जिवंत आहे आणि दार कधीच बंद झालंय. तिला फसवता येत नाही, फक्त सवय लावता येते. पुढचं सगळं मुख्यतः तिच्यासाठी.

पहिली भेट

पोरक्या वासराला आदल्या रात्रीपासून थोडं भुकेलं ठेवा, आठ-दहा तास पुरे. पोट भरलेलं वासरू दोनदा लाथ खाल्ली की नाद सोडतं. भुकेलं सोडत नाही. पण दोन दिवसांपेक्षा लहान, मलूल वासराला उपाशी ठेवू नका.

गाय भिंतीला एक कूस लागेल अशी, गव्हाणीला आखूड दाव्यानं बांधा, म्हणजे ती गर्रकन वळून शिंग लावू शकणार नाही. गव्हाणीत तिचं आवडतं आंबोण (भिजवलेला खुराक) टाका. मागच्या दोन्ही पायांना ढोपराच्या वर आठाच्या आकड्यासारखी मऊ दोरी बांधा, टोक ओढलं की सुटेल अशी गाठ मारून. नायलॉनची नको, कातडी कापते. आमचे आण्णा पाय बांधायच्या विरोधात होते. “आधी तिला चाटू दे, मग त्याला पिऊ दे,” हा त्यांचा क्रम. शांत गाईच्या बाबतीत ते बरोबर ठरले, बाकीच्यांच्या बाबतीत त्यांच्याच मांडीवर निळे वळ उठले.

चाटायला लावायचा आमच्याकडचा सोपा उपाय म्हणजे काकवी. जवळच्या गुऱ्हाळातनं पावशेर आणा, कोमट पाण्यात पातळ करा, मूठभर मीठ घाला आणि वासराच्या पाठीवर, मानेवर, शेपटीच्या मुळाशी लावा. गाय आधी काकवी चाटते, वासराला नाही, हे खरं. पण चाटताना तिची लाळ वासराला लागते आणि तिचाच वास तिच्या नाकात परत येतो. जाड लावाल तर मुंगळे आणि माश्या मिळून वासराला नाचवतील. हे मी शिकलो ते पहिल्याच वेळी, अर्धा तांब्या काकवी ओतून. चाटून झालं की उरलेलं ओल्या फडक्यानं पुसून काढा.

गाईच्या पाठीमागून, मागच्या दोन पायांच्या मधून वासराला कासेकडं न्या. कुशीकडून नेलं तर गाईला ते लगेच दिसतं. तिचं स्वतःचं वासरू असेल तर त्याला एका कुशीला पिऊ द्या आणि ती त्याला चाटण्यात गुंग असतानाच पोरक्याला मागून लावा. सडातून दोन धारा वासराच्या जिभेवर सोडा, एक बोट त्याच्या तोंडात द्या आणि बोटाच्या जागी सड. बहुतेकांना एवढं पुरतं. एखादं वासरू मात्र पोटाखाली, पुढच्या पायाच्या बगलेत, सगळीकडं सड शोधतं आणि जिथं आहे तिथंच शोधत नाही. ते माणसाच्या संयमाची परीक्षा बघतं.

पान्हा यायला मिनिटभर लागतो, आणि गाय घाबरली की येतच नाही. भीतीनं तिच्या रक्तात जे उसळतं ते पान्हा अडवतं. म्हणून काठी, आरडाओरडा, बघायला जमलेली पोरं, सगळं बाहेर. पान्ह्याचं इंजेक्शन मारा म्हणून कुणीतरी सुचवतंच. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकणंच बेकायदा आहे. गरज आहे का ते डॉक्टरांना ठरवू द्या.

दोन्ही नाकपुड्यांना आणि वासराच्या पाठीला एकच उग्र मलम चोळायची युक्तीही काही जण सांगतात, म्हणजे गाईला वासातला फरक कळू नये. माझ्याकडं ती कधी चालली, कधी नाही.

पुढचा पंधरवडा

दिवसातून तीन वेळा, ठरलेल्या वेळी, वर सांगितलं तसंच. सकाळी धारेच्या वेळी, दुपारी, आणि संध्याकाळी. मधल्या वेळात वासराला गाईला दिसेल, हुंगता येईल, पण शिंग पोचणार नाही अशा अंतरावर बांधा. दोन-तीन दिवसांत तिचं दूध वासराच्या पोटातून जाऊन शेणाला तिच्या ओळखीचा वास यायला लागतो आणि तिचा आवेश उतरतो.

नवखा माणूस चुकतो तो चौथ्या-पाचव्या दिवशी. गाय पाय न बांधता उभी राहते, आपण खूश होतो, रात्री दोघांना मोकळं सोडतो, आणि सकाळी वासराची बरगडी मोडलेली असते. गाय गप्प उभी राहिली म्हणजे ती राजी झाली असं नाही. कदाचित ती फक्त आंबोण खात होती. आंबोण संपल्यावर ती काय करते ते बघा. पिणाऱ्या वासराच्या शेपटीखाली हुंगून तिनं चाटलं, घशातल्या घशात हलकं हंबरली, वासरू लांब गेल्यावर मान वळवून शोधलं, तर लळा लागला. हे सलग दोन दिवस दिसल्यावर आधी दिवसा तुमच्या नजरेसमोर तासभर मोकळं सोडा, मग अर्धा दिवस, मग रात्र. काही गाई चार दिवसांत घेतात, काहींना तीन आठवडे लागतात. काही गाई आयुष्यभर चाटत नाहीत पण निमूट पाजतात, तेवढ्यानं भागतं.

एका वासराला एक दुधाळ गाय दिली असेल तर उलटा धोका असतो. ते अति पितं आणि पांढरी हगवण लागते. तेव्हा आधी दोन सडांची धार काढून घ्या आणि दोनच सड त्याला ठेवा. वासरू पिऊन झाल्यावर रोज चारही सड हातानं चाचपून उरलेलं दूध पिळून टाका, कारण वासराचे लाडके सड ठरलेले असतात. राहिलेल्या सडात दूध साचून दगडी होते.

हगवण लागलीच तर डोळे किती खोल गेलेत ते बघा. वासरू उठतंय, पितंय तोवर मीठ-साखरेचं पाणी दुधाव्यतिरिक्त दिवसातून दोन-तीनदा पाजा. दूध बंद करू नका. डोळे खोल, तोंड गार, उठेना, तर 1962 ला फोन करा. फिरतं पशुवैद्यकीय पथक मागवता येतं. जंताचं पहिलं औषध दहा-पंधरा दिवसांचं झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, आणि पुढं सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.

गाईचं खाणं

वासरू पितं ते दूध मापात दिसत नाही, म्हणून माणूस नकळत आंबोण कमी करतो. गाय मात्र पूर्वीइतकंच दूध देत असते. अंगापुरतं दीड-दोन किलो आणि दर अडीच लिटर दुधामागं एक किलो खुराक हे धरून चाला. ऊस तुटायच्या हंगामात आपल्याकडं सगळी दावण वाड्यावर, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या हिरव्या पाल्यावर असते. वाड्यातल्या ऑक्झलेटमुळं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि दोन वासरं ओढणारी गाय तर कॅल्शियम रोज बाहेर टाकत असते. वाड्याबरोबर कडबा, थोडा हिरवा चारा आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्या. पाणी तिला हवं तेव्हा, हवं तेवढं.

सतत पाजणारी गाय माजावर उशिरा येते. दोन-अडीच महिने झाले तरी माज दिसला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

सोडवताना

वासरापुढं दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर वासरांचा खुराक आणि कोवळी वैरण ठेवत जा. ते आधी त्यात लोळतं, मग खातं. सलग तीन दिवस किलोभर खुराक संपवलं की दूध तोडायला हरकत नाही. साधारण तीन महिन्यांत ते होतं. एकदम तोडू नका, आधी दुपारचं, मग सकाळचं.

तीन आठवडे झाले, गाय अजून शिंग लावते, वासराच्या बरगड्या दिसायला लागल्या, तर हट्ट सोडा आणि बाटली घ्या. मी एकदा महिनाभर ओढलं होतं. त्या कालवडीची वाढ पुढं वर्षभर मागं राहिली.

तोडल्यावर दोघांना एकमेकांचा आवाज येणार नाही इतकं लांब बांधा, जमलं तर भावकीतल्या कुणाच्या परड्यात. दोन-तीन रात्री दोघंही हंबरतात. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा.